ॲटलिस्टवाले सर

समस्त जिंतूरकर नागरिकांना, तसेच खेड्यापाड्यांतून तालुक्याला कामानिमित्त येणाऱ्या सर्व बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, ज्यांच्या बोलण्यात ‘ॲटलिस्ट’ हा शब्द येण्याची शक्यता असेल त्यांनी बसस्टँडामागची गल्ली सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते दिवेलागण या वेळांत टाळावी. टाळणे शक्य नसल्यास तोंड मिटून जावे. तरीही शब्द निसटलाच, तर पुढे घडणाऱ्या व्याकरणास ही गल्ली जबाबदार राहणार नाही.

हे मी गमतीनं लिहीत नाही. त्या गल्लीत माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत भले भले लोक तिथं गारद झालेले आहेत. माझ्या दुकानाला लागून करीमचाचांचं शिलाईचं दुकान. दोन्ही दुकानांचा ओटा एकच. त्या ओट्याच्या बरोबर मध्यावर एक लोखंडी खुर्ची असते, दोन पाय माझ्या हद्दीत आणि दोन चाचांच्या. त्या खुर्चीत वाघमारे सर बसतात. बसतात म्हणजे टपून बसतात.

सर रिटायर झाले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांनी मला आठवी ते दहावी इंग्रजी शिकवलं. अंगानं सडपातळ, पांढरा शर्ट, खाकीकडे झुकणारी पँट, खिशात दोन पेनं. त्यातलं एक लाल. शाळा सुटली, लाल पेन सुटलं नाही. लग्नाची पत्रिका हातात पडली की आधी चुका, मग तारीख. एकदा तर एका माणसाला त्याचीच पत्रिका दुरुस्त करून परत दिली आणि म्हणाले, “आता ठीक हाय. येतो लग्नाला.”

बाकीच्या चुका सर माफ करतात. ‘ॲटलिस्ट’ची करत नाहीत.

आता आमच्याकडं हा शब्द कसा वापरतात ते तुम्हाला माहीतच आहे. कुणी तो ‘शेवटी एकदाचं’ या अर्थानं वापरतं, कुणी ‘जास्तीत जास्त’ या अर्थानं, आणि बरेच लोक कुठल्याच अर्थानं न वापरता भाजीत कोथिंबीर टाकावी तसा वरून टाकतात. एक दिवस येलदरीकडचा एक माणूस माझ्याकडं अर्ज टाइप करायला आला. शेतातला विजेचा खांब वाकला होता. मला म्हणाला, “लिवा सायेब, ॲटलिस्ट दोन दिवसांत काम झालं पायजे.”

लोखंडी खुर्ची करकरली.

“म्हणजे एका दिवसात झालं तर तुमाला चालणार न्हाई?” सरांनी विचारलं.

“आँ? चालंल की. का न्हाई चालणार?”

“मग दोन वर्षं लागली तर?”

“दोन वर्षं कशाला लागतील हो?”

“तुमीच म्हणायलात. ॲटलिस्ट म्हणजे तळ. दोन दिवसांच्या खाली यायचं न्हाई, वर कितीबी जा. तुमाला पायजे ॲट मोस्ट. ॲट मोस्ट म्हणजे छत. गजानन, ॲट मोस्ट लिही.”

गजानन म्हणजे मी. मी ॲट मोस्ट लिहिलं. माणूस अर्ज घेऊन गेला आणि पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा उगवला. खांब तसाच. खुर्चीपुढं उभा राहून हात जोडून म्हणाला, “सर, तुमी कायबी लिवा. हापिसात ते ॲटलिस्टच वाचतेत.”

सर हरले, असा तो पहिला प्रसंग. दुसरा एसटीत घडला. परभणीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि कंडक्टर दारातून ओरडत होता, “चला चला, ॲटलिस्ट दहा जण अजून बसतील!” सर पायरीवरूनच म्हणाले, “अहो, ॲटलिस्ट दहा म्हणजे वर वीसबी बसतील असा अर्थ होतो. तुमाला ॲट मोस्ट म्हणायचंय.”

कंडक्टरनं शांतपणे त्यांना काखेत धरून आत ओढलं. “सर,” तो म्हणाला, “आपल्या गाडीला ॲट मोस्ट नसतंय.”

पण सरांचा सगळ्यात गाजलेला पराक्रम शोकसभेतला. गावातले एक वयोवृद्ध पुढारी वारले होते. मंडपात माणसं, माईक, फोटोला हार. एका तरुण कार्यकर्त्यानं माईक हातात घेऊन सुरुवात केली, “मित्रहो, सहा महिने मृत्यूशी झुंज देऊन ॲटलिस्ट काका आपल्यातून गेले.”

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, “ॲट लास्ट!”

कार्यकर्ता बिचारा गुणी. त्यानं लगेच सुधारणा केली, “ॲट लास्ट काका आपल्यातून गेले!”

“तेबी नको!” सर उठून उभे राहिले. “आधी म्हणलास, निदान गेले तरी. आता म्हणायलास, एकदाचे गेले. अरे, माणूस एकदा मेलाय, तू दोनदा कशाला मारायलास?”

काकांच्या घरचे लोकसुद्धा तोंडाला पदर आणि रुमाल लावून हलत होते. ते रडण्यानं हलत होते असं आम्ही अजूनही मानतो.

माझा स्वतःचा गुन्हा मात्र याहून जुना आणि मोठा. नववीत असताना सहामाहीचा पेपर हातात पडला आणि मी काकुळतीला येऊन म्हणालो, “सर, ॲटलिस्ट कमीत कमी एक तरी मार्क वाढवा.” सरांनी खडू खाली ठेवला. ते इतके दुखावलेले दिसले की मला वाटलं मी चुकून शिवीच दिली.

“तीन,” ते म्हणाले. “एका वाक्यात तीन! ॲटलिस्ट एक, कमीत कमी दोन, तरी तीन. अरे, तपेल्याला बुडं किती असतात?”

“एक, सर.”

“तीन बुडं लावली तर आत पाणी कुठं भरशील? ॲटलिस्ट, कमीत कमी, निदान, तरी, हे चौघं एकाच कामावरचे गडी हायत. एकाला बोलाव. चौघं एकदम येतात ते फक्त मयताला.”

त्यानंतर मी ते वाक्य शंभर वेळा लिहिलं, एकाच बुडाचं. मार्क वाढला नाही.

आता एवढा कडक माणूस दिवसाचे पाच-सहा तास ज्याच्या शेजारी काढतो, तो माणूस कसा असेल? करीमचाचा दर दुसऱ्या वाक्यात ‘कमसेकम’ म्हणतात. त्यांच्या वडिलांपासून दुकान तिथंच आहे आणि वडिलांपासून बोलीही तीच, अर्धी आपली आणि अर्धी हैदराबादची. “गजाभाऊ, कमसेकम दुकानात झाडू तर मारा.” “बाई, ब्लाउज शुक्रवारी देतो, कमसेकम शनिवारी.” सर कपाळाला हात लावायचे. शुक्रवार तळ आणि शनिवार त्याच्याही वरचा तळ, असला वार त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

दोघांचं रोजचं भांडण मी, सर नोकरीत असताना ओट्यावर येत तेव्हापासून, तीस वर्षं ऐकत आलो आहे. भांडणाचा विषय बहुतेक वेळा सरांची पँट. शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात, पुढंमागं माणूस सुटला तर उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात. सरांना माया नको असे.

“करीम, माझ्या कमरेचं माप तीस वर्षं तेच हाय. मापात शिव. माया ठेवू नको.”

“मास्तर, आदमी का भरोसा नै. कमसेकम दोन इंच माया पायजे.”

“कशाला? उगंच आत टोचते.”

“हौ, बरं. नै ठेवत.” असं म्हणून चाचा मान डोलवत आणि दोन इंच माया ठेवत. सर पँट उलटी करून बघत, माया सापडे, आणि मग तासभर ‘किमान’ आणि ‘गरजेपुरतं’ यांतला फरक या विषयावर व्याख्यान होई. ते अगदी रंगात आलं, घड्याळात चार वाजले, की चाचा मशीनचं पायडल थांबवत आणि म्हणत, “लडाई बाद में, मास्तर. कमसेकम चाय तो पी लेव.”

कोपऱ्यावरच्या हॉटेलातून दोन ग्लास येत. सर ग्लास हातात घेत आणि ‘कमसेकम’बद्दल अवाक्षर काढत नसत. सबंध जिंतूर तालुक्यात तेवढ्या एका वाक्याला सूट होती. मला ते फार उशिरा लक्षात आलं.

मी एकदा धीर करून सरांना विचारलं, या एका शब्दावर एवढा राग का? तेव्हा चाचा नमाजला गेले होते आणि गल्लीत गिऱ्हाईक नव्हतं.

सर म्हणाले, “मी राणीसावरगावचा. वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. मी शाळेत पुस्तक उघडून बसलो की एक गुरुजी जवळ यायचे, लय प्रेमानं पाठीवर हात ठेवायचे अन् म्हणायचे, ‘तू निदान पास झालास तरी लय झालं.’ बाकीच्या पोरांना म्हणायचे, पहिला ये. मला म्हणायचे, निदान पास हो. वाईट न्हवते रे ते. पण माझा तळ त्यांनी ठरवला. मला विचारलंबी न्हाई.”

“मग?”

“मग काय. इंग्रजीत पहिला आलो. गुरुजी म्हणाले, चला, निदान इंग्रजीत तरी.” सर हसले. मग लाल पेन खिशात नीट बसवत म्हणाले, “एक ध्यानात ठेव, गजानन. माणूस ॲटलिस्ट म्हणतो ना, तेव्हा त्याला जे खरं पायजे असतं ते त्यानं आधीच सोडून दिलेलं असतं. म्हणून आपण म्हणायचं न्हाई. पायजे ते सगळं मागायचं. न्हाईतर गप बसायचं.”

सर हे पाळत असत. त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, वारल्या तेव्हा भेटायला येणारे सगळे म्हणाले, “ॲटलिस्ट त्रास तरी झाला नाही.” सरांनी त्या दिवशी कुणालाच दुरुस्त केलं नाही. काही मागितलंही नाही. गप बसले. तेराव्या दिवशी खुर्चीत येऊन बसले. चार वाजता मशीन थांबलं, आणि चाचांचं तेच चहाचं वाक्य. सरांनी ग्लास घेतला. चाचा दुसरीकडं बघत सुईत दोरा ओवत होते. दोरा काही जात नव्हता.

असं सगळं छान चाललेलं असताना मागच्या हिवाळ्यात चाचांच्या छातीत कळ आली. आम्ही दोघांनी त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाहेर गेलेले, कंपाउंडर म्हणाला, “निदान झाल्याशिवाय काही सांगता यायचं नाही.”

चाचा कॉटवर कण्हत म्हणाले, “निदान नै तर नै, बेटा. कमसेकम गोळी तर दे.”

सर इतके हसले की नर्सनं त्यांनाच बाहेर काढलं. दवाखान्याच्या ओट्यावर बसून डोळे पुसत ते मला म्हणत होते, “बघितलास? मरायला टेकलाय, पण त्याला निदान न्हाई चालत, कमसेकमच पायजे!” डोळे पुसून झाले तरी ते पुसतच राहिले.

निदान गॅसेसचं झालं. पण हैदराबादला चाचांचा मुलगा असतो, तो घाबरला. तिथून रोज फोन. अब्बा, एकटे राहू नका, इकडं या, घर मोठं आहे, मशीन ठेवायलाही जागा आहे. चाचा महिनाभर हो-ना करत राहिले आणि मग एक दिवस, चारच्या चहाला, ग्लासात बघत बोलले, “मास्तर, जारहा मैं. बेटे के पास. कमसेकम चार महिने तो रहूंगा.”

मी टाइप करायचा थांबलो. सूट फक्त चहाच्या वाक्याला होती.

सरांनी ग्लास ओट्यावर ठेवला. “कमसेकम चार,” ते म्हणाले. “म्हणजे चारच्या खाली न्हाई.”

“हौ.”

“तो तळ झाला. छत सांग.”

“क्या?”

“ॲट मोस्ट सांग, करीम. जास्तीत जास्त किती?”

चाचांनी कातरी उचलली, कसलाही दोरा नसलेल्या जागी एकदा चालवली आणि खाली ठेवली. “मास्तर,” ते म्हणाले, “उत्ता अंग्रेजी मेरे कू नै आता.”

दुसऱ्या दिवशी लोखंडी खुर्ची चारही पायांनी माझ्या हद्दीत होती. सर चाचांच्या दुकानाकडं पाठ करून बसले. चार वाजता मशीन थांबलं, चहा आला. सरांचा ग्लास तसाच राहिला, त्यावर साय धरली. चाचा नेहमीचं वाक्य म्हणाले नाहीत. पुढल्या दिवशीही तेच, त्याच्या पुढल्याही. मधल्या मधे माझी पंचाईत, कारण मला हसूही येत नव्हतं आणि दोघांच्याही बाजूनं बोलता येत नव्हतं. मी एकदा म्हणालो, “सर, त्यांना सांगा की जाऊ नका म्हणून.”

“तो माझ्या वर्गातलं पोरगं हाय का, मी म्हणलं थांब तर थांबायला?” सर म्हणाले. “पोरगा बोलवायलाय. त्याचं बराबर हाय. मी कोण?”

“मग ॲटलि...” मी जीभ चावली. “मग चहा तरी घ्या त्यांच्याबरोबर.”

“मी सांगितलंय तुला. पायजे ते सगळं मागायचं. न्हाईतर गप बसायचं.”

आठ दिवस असे गेले. निघायच्या दिवशी सर गल्लीत आलेच नाहीत. खुर्ची रिकामी. चाचांचा मुलगा आला होता, त्यानं मशीन ऑटोत चढवलं, शटर ओढलं. चाचांनी खुर्चीच्या पाठीवरची धूळ फडक्यानं पुसली, मग माझ्या हातात कागदात बांधलेलं एक पुडकं दिलं. “मास्तर कू देव. माप पुराना ही है.” आणि बसस्टँडकडं गेले. साडेबाराची परभणी गाडी, पुढं रेल्वे.

मी पुडकं घेऊन सरांच्या घरी गेलो. सर अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. पेपर परवाचा होता. पुडकं सोडलं, आत नवी पँट. सरांनी सवयीनं ती उलटी केली, कमरेच्या शिवणीत बोट घातलं आणि उभेच राहिले.

“तीन इंच!” ते ओरडले. “तीन इंच माया! मी काय हत्ती व्हायलोय? गाढव कुठला! आयुष्यभर सांगतोय मापात शिव, मापात शिव...” बोट शिवणीत तसंच होतं. आवाज खाली आला. “अन् हे उसवून वाढवायला आता हाय कोण इथं?”

मी खाली पडलेला पेपर उचलला.

“गाडी किती वाजता?”

“साडेबारा.”

“अन् आता?”

“सव्वाबारा होऊन गेले, सर.”

यानंतर जिंतूरनं जे दृश्य पाहिलं ते पुन्हा दिसणार नाही. आयुष्यात कधी भरभर न चाललेले वाघमारे सर भर बाजारातून पळत होते, पायात घरातल्या स्लीपर, हातात उलटी पँट निशाणासारखी फडकत, आणि मागून मी धापा टाकत. भाजीवाल्या बाया उठून बघायला लागल्या. एकीनं विचारलं, “सर, काय चोरी झाली का वो?” सर पळत पळतच म्हणाले, “झाली!”

गाडी फलाटाला लागलेली, गच्च भरलेली. दारात तोच कंडक्टर. सरांना बघून त्याचा चेहरा पडला. “सर, आज कायबी म्हणा, पण जागा न्हाई.”

सरांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. एकेक खिडकी बघत ते पुढं गेले. ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या खिडकीत चाचा होते. सर खिडकीखाली ताठ उभे राहिले. पँट वर केली, शिवण दाखवली.

“तीन?” सर म्हणाले.

“कमसेकम,” चाचा म्हणाले.

सरांनी घसा साफ केला. मला वाटलं आता इंग्रजीत एखादं निर्दोष वाक्य येणार. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डबल बेल झाली. गाडीनं धूर सोडला आणि मागं सरकायला लागली. चाचांनी हात खिडकीबाहेर काढला, सरांनी तो धरला आणि धरून गाडीबरोबर चालायला लागले, मग थोडं पळायला लागले. कंडक्टर ओरडला, “सर, सोडा, पडाल!” हात सुटला. आणि तेव्हा, चार फलाट, दोन रसवंत्या आणि सबंध बसस्टँड ऐकेल एवढ्या आवाजात, ज्या माणसानं मला शंभर वेळा वाक्य लिहायला लावलं होतं तो माणूस ओरडला,

“करीम! अरे, ॲटलिस्ट कमीत कमी निदान एक कप च्या तरी पिऊन जा की रे!”